सुपरहिरो, गल्ला आणि आमची टपरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी आम्ही सात-आठ जण रोज संध्याकाळी जमतो. निम्मे मार्व्हलवाले (अव्हेंजर्स, कॅप्टन अमेरिका), निम्मे डीसीवाले (सुपरमॅन, बॅटमॅन), म्हणजे अमेरिकेतल्या दोन सुपरहिरो कंपन्यांचे फॅन. एक जण नुसता चहासाठी येतो. मी दिवसभर जिनिंगमध्ये जमाखर्च लिहितो, म्हणून आकड्यांवरून जुंपली की सगळे माझ्याकडे बघतात. तेच प्रश्न, तीच भांडणं. एकदाच लिहून टाकतो. पटलं नाही तर टपरीवर या, चहा तुमच्याकडून.

साठ कोटी डॉलर कमावूनही पिक्चरला फ्लॉप म्हणतात. हे कसं काय?

निम्मी भांडणं इथंच सुरू होतात, म्हणून सावकाश सांगतो. केळीचं घ्या. रावेरला बोर्डावर भाव लागतो. तो बघून पाहुणे म्हणतात, "चांदी आहे तुमची." पण माल कापला, गाडी भरली आणि हातात पट्टी आली की भाव बोर्डाच्या खालीच असतो. कधी माल बारीक म्हणून, कधी व्यापाऱ्याची मर्जी म्हणून. त्यातून मजुरी गेली, टिशूची रोपं, ठिबक, खत, वीजबिल गेलं की खरं काय उरलं ते कळतं.

"जगभरातली कमाई" म्हणून छापून येतो तो बोर्डावरचा भाव. ती तिकीट खिडकीवर जमा झालेली रक्कम असते, स्टुडिओच्या हातात पडलेली नव्हे. अमेरिकेत ढोबळमानाने निम्मे पैसे थिएटरवाला ठेवून घेतो. बाकी देशांतून स्टुडिओकडे चाळीस टक्क्यांच्या आसपास येतात, चीनमधून जेमतेम पंचवीस. आणि "बजेट" म्हणून जो आकडा सांगतात त्यात जाहिरातीचा खर्च धरलेला नसतो. मोठ्या सुपरहिरोपटाची जगभरची जाहिरात दहा कोटी डॉलरच्या पुढे सहज जाते.

म्हणजे वीस-पंचवीस कोटी डॉलरचा पिक्चर साठ कोटींवर थांबला, तर मालकाच्या घरी पेढे वाटत नाहीत. रडारडही नसते. पाहुण्यांना वाटतं त्याच्या खूप अलीकडे तो असतो, एवढंच.

मग अडीचपटीचा नियम खरा आहे का?

बजेटच्या अडीचपट गल्ला झाला की खर्च निघाला, असं सगळे धरतात. नियम कुठला, अंदाज आहे. अमेरिकेत जास्त चालला तर कमी पटीत भागतं, चीनवर भिस्त असेल तर जास्त लागतं. शिवाय ओटीटीचे पैसे, टीव्हीचे हक्क, खेळणी, टी-शर्ट यातलं काहीच यात येत नाही. आमच्या टपरीवर मात्र हा नियम घटनेतल्या कलमासारखा वापरतात.

२०२५ चा सुपरमॅन हिट की फ्लॉप? खरं सांगा.

आधी कबुली देतो. या प्रश्नावर मी आठ जणांची शेवभाजी हरलो आहे. ११ जुलै २०२५ ला पिक्चर लागला त्या आठवड्यात मी छाती ठोकून म्हटलं होतं, सत्तर कोटी डॉलर पार करणार. तो साडेएकसष्ट कोटींच्या आसपास थांबला. ढाब्यावरची ती भाजी इतकी तिखट होती की जिंकणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. माझं समाधान तेवढंच.

आता हिशेब. डीसीविरोधकांचं हुकमी पान असं: २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'ने सुमारे सदुसष्ट कोटी डॉलर केले होते, बारा वर्षांनी आलेला नवा सुपरमॅन त्याच्याही मागे राहिला. आकडा बरोबर आहे. पण फोड करून बघा. 'मॅन ऑफ स्टील'ने अमेरिकेत एकोणतीस कोटी केले होते, नव्याने पस्तीस कोटींच्या वर. नवा कमी पडला तो बाहेरच्या देशांत. आणि स्टुडिओच्या हातात अमेरिकेतल्या रुपयातले पन्नास पैसे येतात, बाहेरच्या रुपयातले चाळीस. त्यामुळे एकूण गल्ला कमी दिसला तरी पदरात पडलेल्या रकमेतलं अंतर तेवढं राहत नाही.

माझ्या वहीत तो असा मांडलेला आहे: अमेरिकेतून साडेसतरा-अठरा कोटी, बाहेरून दहा-साडेदहा, एकूण अठ्ठावीस. बजेट साडेबावीस. राहिलेल्या साडेपाच-सहात जाहिरात बसत नाही. म्हणजे नुसत्या थिएटरवर पूर्ण खर्च निघाला असं मी म्हणणार नाही. टीव्ही, ओटीटी आणि खेळण्यांच्या पैशांनी भागलं असेल. पण बंद पडलेल्या दुकानाचं शटर पुन्हा वर गेलं, गिऱ्हाईक आलं, उधारी थोडी राहिली, तर त्याला फ्लॉप म्हणायचं का? मी म्हणत नाही. डीसीवाला आहे, हे लक्षात घेऊन माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

अपेक्षा नेमकी ठरवतं कोण?

माझ्या मते खरा वाद याचाच आहे. गल्ला मोजून होतो, भांडण होतं ते मनात धरलेल्या आकड्याशी.

दोन पिक्चर शेजारी ठेवा. २०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन': सुमारे सत्त्याऐंशी कोटी डॉलर. २०१७ चा 'वंडर वुमन': सुमारे ब्याऐंशी कोटी. कमी कमावणाऱ्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, जास्त कमावणाऱ्याला आजही टोमणे बसतात. कारण दोन सर्वांत मोठे हिरो एका पडद्यावर म्हणजे शंभर कोटी तरी होणारच, असं स्टुडिओने, पेपरवाल्यांनी आणि आमच्यासारख्यांनी आधीच ठरवलं होतं. 'वंडर वुमन'कडून कुणी एवढं मागितलं नव्हतं, आणि तिचा खर्चही बराच कमी होता.

'जोकर'चं तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. २०१९ मध्ये सहा-सात कोटी डॉलरात केलेल्या पिक्चरने एकशे सात कोटींच्या आसपास गल्ला केला. पुढचा भाग २०२४ मध्ये आला तेव्हा खर्च वीस कोटींच्या घरात गेला होता आणि गल्लाही साधारण तेवढाच झाला. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका वर्षी कापसाला भाव मिळाला की पुढच्या वर्षी गावभर पांढरं सोनं पेरतात, बियाणं-खतावर दुप्पट खर्च करतात, आणि मग बाजारात काय होतं ते माहीत आहे.

अपेक्षा ठरवणारे तीन जण. एक, अमेरिकेतल्या अंदाज बांधणाऱ्या संस्था. त्या पिक्चर लागायच्या आधी दोन-तीन आठवडे पहिल्या शनिवार-रविवारचा आकडा सांगतात. दोन, स्टुडिओ, ते मुद्दाम थोडा खालचा आकडा सोडतात, म्हणजे नंतर "अंदाजापेक्षा जास्त" असं छापून येतं. तीन, फॅन. या तिसऱ्याला कुठलीच माहिती नसते आणि आवाज सर्वांत मोठा असतो.

मार्व्हल संपलं का?

दर सहा महिन्यांनी विचारतात. 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ मध्ये एकशे तेरा कोटी डॉलर केले, तिचाच पुढचा पिक्चर 'द मार्व्हल्स' २०२३ मध्ये साडेवीस कोटींवर आटपला. हे बघून सगळ्यांनी सुतक धरलं. पुढच्याच वर्षी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने एकशे तेहेतीस कोटी केले. २०२५ मध्ये पुन्हा तीन पिक्चर बेताचे. संपलं नाही. पूर्वी नुसती पाटी बघून गर्दी व्हायची, आता लोक पिक्चर कसा आहे ते विचारून येतात. इतर सगळ्या धंद्यांत असंच चालतं.

सगळे "दुसऱ्या शनिवार-रविवारी किती पडला" हेच का विचारतात?

पहिले तीन दिवस ट्रेलर पिक्चर चालवतो. चौथ्या दिवसापासून पिक्चर स्वतः चालतो. आमच्याकडे पहिल्या शोला गेलेला माणूस बाहेर आला की उभा असलेला विचारतो, "पिच्चर कसा शे, भो?" त्या उत्तरावर पुढचा आठवडा ठरतो.

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेत ६९ टक्क्यांनी खाली आला होता. २०२५ चा 'फँटास्टिक फोर' ६६ टक्क्यांनी. त्याच महिन्यातला सुपरमॅन ५३ टक्क्यांनी. सुपरहिरोपटाला पन्नास-पंचावन्न ठीक धरतात. पासष्टच्या पुढे गेलं म्हणजे फॅन बघून गेले आणि त्यांनी घरच्यांना "तुम्ही नका जाऊ" म्हणून सांगितलं.

उलटी उदाहरणं आपल्या देशातच आहेत. 'फँटास्टिक फोर' ज्या दिवशी लागला, २५ जुलै २०२५, त्याच दिवशी 'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट लागला. पहिल्या दिवशी दोन कोटी रुपयेसुद्धा नाहीत. आमच्यापैकी कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. मग माऊथ पब्लिसिटीने असा वर चढला की भारतातच दोनशे कोटींच्या पुढे गेला. टपरीवाल्याची आई, जी थिएटरात कित्येक वर्षांत गेली नव्हती, भजनी मंडळाच्या बायकांबरोबर बघून आली. आम्ही चौघं 'फँटास्टिक फोर'मधल्या चांदीच्या बाईला उडताना बघून आलो होतो. तिने आमची कीव केली.

२०२४ च्या जानेवारीतला तेलुगू 'हनुमान' आणि २०२५ च्या ऑगस्टमधला मल्याळम 'लोका' यांचं गणितही तसंच. 'लोका' तीस कोटींच्या आसपास खर्चात झाला आणि जगभरात तीनशे कोटी रुपये करून गेला. हॉलिवूडच्या भाषेत तीस कोटी रुपये म्हणजे पस्तीस लाख डॉलर. तेवढ्यात त्यांच्या हिरोचे पोशाख तरी होत असतील की नाही, शंका आहे.

ग्रॉस, नेट, शेअर. कुठला आकडा खरा?

तिन्ही खरे, भांडताना कुठला वापरता ते आधी सांगा. जळगावला दीडशे रुपयांचं तिकीट काढलं, तर दीडशे हा ग्रॉस. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले जवळपास तेवीस रुपये सरकारचे. उरले एकशे सत्तावीस, तो नेट. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात त्याचा निम्मा वितरकाला जातो, साडेत्रेसष्ट रुपये. तो शेअर. पुढच्या आठवड्यांत हा वाटा उतरत जातो: साडेबेचाळीस टक्के, साडेसदतीस, तीस. म्हणून वितरकाला पहिला आठवडा प्यारा आणि थिएटरवाल्याला टिकणारा पिक्चर.

हिंदी पिक्चरचा आकडा बहुतेक वेळा नेटमध्ये सांगतात, दक्षिणेतला ग्रॉसमध्ये, हॉलिवूडचा जगभराचा ग्रॉस. मग कुणीतरी येऊन एकाचा नेट दुसऱ्याच्या ग्रॉसशी लावतो आणि चहा थंड होतो.

आपल्या जळगाव-भुसावळच्या गल्ल्याने कुणाला काही फरक पडतो का?

हॉलिवूडला? अजिबात नाही. पण एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. चित्रपट धंद्याच्या नकाशात जळगाव मुंबईत नाही, 'सीपी-बेरार' म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड सर्किटमध्ये (वितरणाच्या विभागात) आहे. नागपूर, अमरावती, अकोला, रायपूर, जबलपूर यांच्या पंगतीत. खरं तर इंग्रजांच्या काळात खान्देश मुंबई इलाख्यात होता, मध्य प्रांत-वऱ्हाडात नव्हता; ते प्रांत गेले, नावं धंद्यात उरली. आणि या मध्य भारतातल्या वितरक-थिएटरवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्य ठाणं कुठे? भुसावळला. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने फिरायच्या आणि चारी दिशांच्या गाड्या भुसावळला थांबायच्या. अंदाज आमचा, पण जंक्शनला शोभणारा.

तेव्हा पुण्याचा मित्र "तुमच्याकडे थिएटर तरी आहे का?" म्हणाला, तर त्याला हे ऐकवा.

सुपरहिरोपट आमच्याकडे दोन दिवसांत उतरतो. आम्ही बघायचा कधी?

याला कुणाचा दोष नाही, पडदे मोजके आहेत. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'कॅप्टन अमेरिका'चा नवा भाग आणि 'छावा' एकाच दिवशी लागले. महाराष्ट्रात, शिवजयंती पाच दिवसांवर असताना, काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. आम्ही तिघं जळगावला 'कॅप्टन अमेरिका'च्या हिंदी खेळाला बसलो होतो. मोजून अकरा डोकी. पडद्यावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लाल राक्षस होऊन व्हाइट हाऊस फोडत होता आणि भिंतीपलीकडच्या पडद्यावरून "हर हर महादेव" अशी आरोळी आली की आमच्या खुर्च्या हलायच्या. मध्यंतरात आमच्यातला एक पॉपकॉर्न आणायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. पिक्चर सुटल्यावर तो पलीकडच्या दारातून डोळे पुसत बाहेर आला. त्याचं तिकीट कुणी तपासलं नाही, हे त्या दिवसाच्या गर्दीचं माप समजा.

जगभरात तो 'कॅप्टन अमेरिका' एक्केचाळीस कोटी डॉलरवर थांबला. त्यातले तीन तिकिटांचे पैसे आमचे, पैकी एक अर्धं वापरलेलं.

आकडे कुठे बघायचे? खरे असतात का?

अमेरिकेचे बऱ्यापैकी खरे, कारण तिथे थिएटरांकडून रोजचा हिशेब गोळा करणारी यंत्रणा आहे. तरी रविवारचा आकडा रविवारीच छापतात तेव्हा तो अंदाज असतो, सोमवारी बदलतो. भारतात निर्मात्याचा एक आकडा असतो आणि व्यापारी सूत्रांचा दुसरा. 'रा.वन' २०११ च्या दिवाळीत आला होता. तो चालला की पडला यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. निर्मात्याने पोस्टरवर छापलेला आकडा लग्नपत्रिकेतल्या वेळेसारखा घ्यावा.

महागाई धरली तर सगळ्यांत मोठा कोण?

एका ओळीत सांगता येणार नाही आणि टपरीवर तर नाहीच. तिकिटांची संख्या धरली तर जुने पिक्चर वर जातात, रक्कम धरली तर नवे. नुसत्या डॉलरात सुपरहिरोंमध्ये मार्व्हलचा २०१९ चा 'अव्हेंजर्स: एंडगेम' पहिला: सुमारे दोनशे ऐंशी कोटी. भारतातही त्याने साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर नेट केला होता. त्यात सुपरहिरोंइतकाच हात तारखेचा होता, असं माझं मत आहे. एप्रिलअखेर, शाळांना सुट्टी, पारा चाळिशीच्या बराच वर. आम्ही दुपारच्या गाडीने जळगावला गेलो ते अर्धे एसीसाठी. माझा चुलता पहिले दहा मिनिटं पडदा बघत होता, पुढचे तीन तास गार वाऱ्यात झोपला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मस्त पिच्चर शे." हेही तिकीट दोनशे ऐंशी कोटींत धरलेलं आहे.

मराठी सुपरहिरो कधी येणार?

येऊन गेला. २०१५ चा 'बाजी', श्रेयस तळपदे. तुम्ही बघायला गेला नाहीत, मीही नाही. प्रश्न संपला.

आणि मालेगावचा सुपरमॅन?

हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी मी उत्तर देतोच. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण धुळ्याहून महामार्गाने तासाभराचं, आणि बोलण्या-चालण्यात आपलंच. तिथे नासिर शेख नावाच्या माणसाने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' केला. पुढे त्याने सुपरमॅन केला. हिरो शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार, अंगाने काडी. शूटिंगला मुहूर्त शुक्रवारचा, कारण त्या दिवशी माग बंद. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, वर न्यायला बैलगाडी. आणि त्या सुपरमॅनचा शत्रू परग्रहावरचा कुणी नव्हता. तंबाखू होता.

शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगानेच गेला. हे ठाऊक झाल्यावर त्याची पडद्यावरची उडी पूर्वीसारखी बघवत नाही.

या उद्योगावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा हिंदी चित्रपटही आला. आमच्या डीसीवाल्यांत वाद झालाच की सर्वोत्तम सुपरमॅन कोण. मी मालेगावला मत दिलं. खर्चाच्या किती पट आनंद, हा हिशेब लावला तर त्याच्याजवळपास कुणी येत नाही.

घरचे विचारतात, "त्यांनी करोड कमावले, तुला काय मिळालं?" काय सांगू?

मला बायकोने विचारलं होतं. मी जाहिरात, वितरण, शेअर असं समजावायला लागलो. ती म्हणाली, "किराणा आणायला सांगितला होता." तुमच्याकडे याहून बरं उत्तर असेल तर कळवा.

पुढचा 'अव्हेंजर्स' किती करेल?

'डूम्सडे'ची जाहीर तारीख आधी १ मे २०२६ होती, ती १८ डिसेंबर २०२६ वर ढकलली. बाकी जगाला नाताळ दिसला असेल, आम्हाला कापूस दिसला. मे महिन्यात आपल्याकडे पेरणीसाठी पैशांची जुळवाजुळव चालू असते. डिसेंबरात वेचणी होऊन चार पैसे हातात आलेले असतात, आणि एसीसाठी कुणी थिएटरात जाणार नाही. म्हणजे या वेळी चुलत्याचं तिकीट कमी.

रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, तेव्हा मार्व्हलवाले दोनशे कोटी डॉलरच्या खाली बोलायला तयार नाहीत. मी एकशे सत्तर म्हणतो. पैज लागली आहे आणि कागदावर लिहून टपरीवाल्याकडे ठेवली आहे, कारण शेवभाजीच्या वेळी आकड्यावरून फाटे फुटले होते. आकडा जगभरातला, ग्रॉस, डॉलरमध्ये, लागल्यापासून साठाव्या दिवशीचा. हरणाऱ्याने शेतात भरीत पार्टी द्यायची: वांगी बामणोदची, भाजायची कपाशीच्या काड्यांवर, सोबत कळण्याची भाकरी. साठावा दिवस फेब्रुवारीत येतो, तोवर वांगी मिळतील का याची चौकशी एकाने आत्ताच सुरू केली आहे. तो मार्व्हलवाला आहे.